निसटलेला स्टेंट आतच दाबला, ही हलगर्जी?

तापीकाठ (चोपडा):
काल इथे एकाने लिहिलं, "वडिलांच्या अँजिओप्लास्टीत (हृदयाची बंद नळी फुग्याने उघडताना) स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, फुग्यावरून निसटला. डॉक्टरने काढायचा सोडून दुसऱ्या स्टेंटने भिंतीला दाबला. गुन्हा नोंदवा." रात्रभर झोप नाही. मी 2012 पासून कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. हृदयाच्या नळीत कॅल्शियम असलं की स्टेंट पुढे जात नाही, मागे घेताना कॅथेटरच्या (ज्यातून सामान आत नेतात त्या बारीक नळीच्या) तोंडाला अडकून निसटतो. तेव्हा एकच गोष्ट जपायची, आतली तार. ती सुटली की स्टेंट गेला. तारेवरून बारीक फुगा पलीकडे नेऊन, फुगवून ओढतात, नाहीतर स्नेअरने (तारेच्या फासाने) धरतात. पण अटॅक चालू, बीपी पडतंय, नळी बंद. अशा वेळी किती ओढाताण करायची? दाबून टाकणं हाही मान्य उपाय आहे.

केळीवाला (रावेर):
असेल. पण सांगाल की नाही? आमच्या आप्पांच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरने सीडी बघून विचारलं, "ही दुसरी जाळी कसली?" 2017 ला सरकारने औषधी (औषधाचा लेप असलेला) स्टेंट 29,600 रुपयांवर आणला, तेव्हापासून माल हलका झालाय.

तापीकाठ:
किमतीचं उगाच चिकटवू नका. त्याआधीही निसटायचे, मी टेबलाशेजारी उभा होतो.

धुळेकर:
जाळीवरून काय भांडता? माणूस रस्त्यात मरतो. शहादा, शिरपूर, यावल, कुठूनही निघा, कॅथलॅब गाठेपर्यंत जीव टांगणीला. 120 मिनिटांत फुगा फुगणार नसेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तालुक्यालाच द्यायला हवं. माझ्या काकूला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. ईसीजी काढलाच नाही. पहाटे गेली.

तापीकाठ:
इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही. मेंदूत कधी रक्तस्राव झालेला असेल तर तेच जीव घेतं.

धुळेकर:
ईसीजी तर चालतो ना सगळ्यांना! का नाही काढला?

केळीवाला:
बरोबर. आमच्याकडेही रात्री ईसीजीची पट्टी वाचणारं कुणी नसतं.

तापीकाठ:
ईसीजीचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि भाऊ, कार्डावर लिहायलाच हवं होतं, हेही मान्य. पण दाबलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. आप्पांच्या रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या चालू आहेत ना? वर्षभर लागतात.

केळीवाला:
एक सहाव्या महिन्यात बंद केली. महाग पडत होती. आता आठवा चालू आहे.

तापीकाठ:
डॉक्टरला न विचारता? भाऊ, वाद राहू द्या. सीडी घेऊन आजच कार्डिओलॉजिस्टकडे न्या त्यांना.