पट्टेवाली मॅग्नम काडतुसं अजून का चालतात, आणि पुंगळी पट्ट्यापुढेच का फाटते?

बो_काठचा

नमस्कार मंडळी. मुक्काम कॅल्गरी, रायफल ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, शिकार एल्क आणि मूसची, सगळं रीतसर परवान्यावर. दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत अडकलेले आहेत.

पहिला. पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडाशी जो पट्टा असतो त्याला आता काही अर्थ उरलेला नाही, नवीन पीआरसी (प्रिसिजन रायफल कार्ट्रिज) घराण्यातलं बिनपट्ट्याचं काडतूस घ्या, असं हल्ली जो तो सांगतो. मग .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड; आकडा गोळीच्या ढोबळ जाडीचा, इंचात) १९१२ पासून, ७ एमएम १९६२ पासून आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ पासून दुकानाच्या फळीवरून हलत का नाहीत? नुसतं जुन्याचं प्रेम, की त्यामागे काही ठोस कारण आहे?

दुसरा. काडतुसं घरीच भरली जातात. डाय (उडालेली पुंगळी दाबून पुन्हा मापाला आणणारा साचा) शेल-होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीला) टेकेपर्यंत खाली आणि वर पाव फेरा जास्त, अगदी डायच्या पत्रकात दिलंय तसं. तिसऱ्या भरणीनंतर वीसपैकी चार पुंगळ्यांवर पट्ट्याच्या जरा पुढे गोल रेघ उमटली आहे, आणि त्यातल्या एकीला त्याच रेघेवर चीर गेली आहे. दारू पुस्तकातल्या कमाल मापाच्या दोन ग्रेन खाली आहे, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) सपाट झालेले नाहीत, म्हणजे दाब जास्त दिसत नाही. दोष पितळेचा, रायफलीचा, की भरण्याचा?

---

जुनी_नळी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, दुसऱ्यासाठी इथे जास्त जाणकार आहेत.

पट्टा ताकदीसाठी कधीच नव्हता. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९०५ मध्ये .४००/.३७५ काडतुसावर तो पहिल्यांदा आणला. तेव्हा दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या लांब कांड्यांची. उष्ण देशात तिचा दाब चढतो आणि पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या पोकळीत) घट्ट बसते. त्यावर उपाय म्हणून पुंगळी बुडापासून तोंडाकडे निमुळती ठेवली आणि खांदा (पुंगळी मानेकडे अरुंद होते तो भाग) उतरता ठेवला. निमुळती पुंगळी केसभर मागे सरकली की चारही बाजूंनी सुटते. पण उतरत्या खांद्यावर काडतूस चेंबरमध्ये नेमकं अडून राहील याचा भरवसा नाही. .३०० एच अँड एचचा खांदा तर जेमतेम साडेआठ अंशांचा आहे. दुनळीत बुडाची रुंद कड अडकते, पण ती कड बोल्ट (मागे-पुढे सरकणाऱ्या खिटीच्या) रायफलीच्या मॅगझिनमध्ये एकावर एक चढून बसते. म्हणून कडेचं काम करणारा, पण मॅगझिनमधून सरळ सरकणारा पट्टा. एवढीच त्याची हकीकत.

आता टिकण्याचं कारण. .३७५, .३०० एच अँड एच, .४५८, .३३८, .२६४, ७ एमएम, .३०० विन मॅग, आणि वेदरबीच्या पट्टेवाल्यांपैकी काही, या सगळ्यांचं बूड एकाच मापाचं आहे, ०.५३२ इंच. कारखान्याला बोल्टचं तोंड एकदा कापलं की झालं, पुढे फक्त नळी आणि मॅगझिन बदलायचं. विंचेस्टरने १९३७ मध्ये मॉडेल ७० बाजारात आणली तेव्हा तिच्यात .३०० आणि .३७५ एच अँड एच दोन्ही होती. त्याआधी १९३५ मध्ये कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धेत बेन कम्फर्टने .३०० एच अँड एचवर हजार यार्डांचा विम्बल्डन कप जिंकला, आणि हे काडतूस अमेरिकेत घरोघरी कळलं.

तरी या दोन्ही पुंगळ्या २.८५ इंच लांब, त्यांना लांब आणि महाग अॅक्शन (बोल्ट बसतो तो रायफलीचा मधला भाग) लागते. विंचेस्टरने १९५६ च्या .४५८ पासून पुंगळी अडीच इंचांवर आणली, तेव्हा .३०-०६ च्या साध्या अॅक्शनमध्ये मॅग्नम मावायला लागलं. बाजार खरा फिरला तो या लांबीमुळे. ७ एमएम त्याच मापात रेमिंग्टन ७०० बरोबर आलं आणि सामान्य माणसाला परवडलं.

फक्त जुनेपणावर कुणी टिकत नाही हे .२६४ विन मॅग दाखवतं. तेही त्याच बुडाचं, पण नळीचा घसा (चेंबरच्या लगेच पुढचा भाग) लवकर जाळायचं. वर ७ एमएम आल्यावर तेवढ्याच पुंगळीतून जड गोळी मिळायला लागली आणि .२६४ मागे पडलं. .४५८ च्या सुरुवातीच्या काडतुसांत तर ५०० ग्रेनच्या गोळीखाली दारू दाबून भरावी लागायची. आफ्रिकेच्या उन्हात पडून राहिलं की ती दारू ढेकळासारखी घट्ट व्हायची आणि वेग घसरायचा. रानम्हशीसमोर वेग घसरणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्यातूनच लांब पुंगळीचं .४५८ लॉट जन्माला आलं.

---

पितळ_आणि_दारू

बो_काठचा, दोष पितळेचा नाही आणि रायफलीचा तर मुळीच नाही. डाय ज्या पद्धतीने बसवली आहे त्यात आहे.

मापं पाहा. चेंबरमध्ये पट्ट्याची जागा ०.२२० ते ०.२२७ इंच आणि काडतुसाचा पट्टा ०.२१२ ते ०.२२०. म्हणजे पट्ट्यावरच ०.०१५ पर्यंत मोकळीक निघू शकते. खांद्याचं त्याहून वाईट. काडतूस पट्ट्यावर अडणार म्हणून खांद्याच्या जागेकडे कारखाने सैल हाताने पाहतात, आणि नव्या काडतुसाचा खांदा चेंबरच्या खांद्यापासून ०.०१५-०.०२० इंच मागे असणं अगदी नेहमीचं आहे.

बार उडाला की पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो, बूड दाबाने मागे बोल्टवर आपटतं, खांदा पुढे फुगतो. ही सगळी लांबी येते कुठून? पट्ट्याच्या लगेच पुढे, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथून. डाय पूर्ण खाली घेतली की खांदा पुन्हा मागे जातो आणि पुढच्या बाराला तेवढंच पितळ परत ताणलं जातं. तीन-चार फेऱ्यांत भिंत कागदासारखी होते. दारू कमी असून उपयोग नाही, कारण ताण दाबापेक्षा या रिकाम्या जागेतून येतो.

आधी खात्री करा की ती रेघ तीच आहे. साइझिंग डायचं तोंड जिथे थांबतं तिथेही पट्ट्यापुढे चकचकीत कडं उमटतं, आणि ते निरुपद्रवी असतं. बोटाला बाहेरून उंचवटा लागला तर बहुधा डायची खूण. एक कागदाची पिन सरळ करा, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवा, टोक कानशीने अणकुचीदार करा. पुंगळीत तळापर्यंत घाला आणि भिंतीला लावून हळूहळू वर ओढा. पट्ट्याच्या जरा पुढे टोक खाचेत अडखळलं की ती पुंगळी भंगारात. शंका असेल तर संशयित पुंगळी उभी करवतीने कापा. आतल्या भिंतीवरची चर डोळ्यांना स्पष्ट दिसते, नखालाही लागते.

उपाय असा. पट्टा विसरा आणि खांद्यावर माप धरा. कॅलिपरला लावायचा खांद्याचा गेज घ्या. आपल्या रायफलीत दोनदा उडालेली पुंगळी प्रायमर काढून मोजा, एकदाच उडालेली अजून पूर्ण फुगलेली नसते. डाय आणि शेल-होल्डरमध्ये नाण्याएवढी फट ठेवून सुरुवात करा. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे एका फेऱ्यात ०.०७१ इंच, आठव्या भागात सुमारे ०.००९. आधी आठवा भाग, जवळ आल्यावर बत्तिसावा. एक गोष्ट गोंधळात टाकते: सुरुवातीला माप कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. अंग दाबलं गेल्याने खांदा आधी पुढे सरकतो. घाबरू नका, आणखी खाली घेतली की मागे येतो. उडालेल्या मापापेक्षा ०.००२ इंच कमी झालं की थांबा, लॉकनट आवळा. अशाने पितळ आठ-दहा भरण्या सहज देतं, बहुतेक वेळा आधी मानेला चिरा जातात.

वंगण खांद्यावर फासू नका, खळगे पडतात. प्रत्येक वेळी लांबी तपासा: ७ एमएमची कमाल २.५०० इंच, छाटून २.४९०. काही भरण्यांनंतर बोल्ट पट्ट्यापाशी जड लागायला लागला, तर डाय पोहोचत नाही तिथे फुगवटा राहिलाय. त्यासाठी वेगळी कॉलेट डाय मिळते.

रेघ उमटलेल्या चारही आणि त्यांच्याच तुकडीतल्या बाकी सोळाही फेकून द्या. वीस पुंगळ्यांसाठी रायफल पणाला लावू नये. चेंबरमध्ये पुंगळी तुटली की बूड बाहेर येतं, पुढचा अर्धा भाग आतच राहतो, आणि दुसरं काडतूस बसत नाही. डोंगरात ती रायफल मग काठीच.

---

बो_काठचा

मनापासून आभार. पिन लावून पाहिली, चारही अडकल्या, आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या आणखी तीनही. सगळ्या वीस बाद. .३७५ लाही हेच ०.००२ चं माप चालेल का? आणि नवीन घ्यायचीच झाली तर ७ एमएम पीआरसी खरंच वरचढ आहे का?

---

उत्तरवारा

.३७५ ला नको. अस्वल किंवा रानम्हैस समोर असताना काडतूस कुठल्याही परिस्थितीत आत गेलं पाहिजे, मग धूळ असो वा बर्फ. त्यासाठी नवं पितळ, पूर्ण साइझिंग, आणि निघण्याआधी प्रत्येक काडतूस त्याच रायफलीच्या मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून काढून पाहिलेलं. पुंगळीचं आयुष्य तिथे गौण. दोन रायफलींसाठी एकच भरणी करत असाल तर छोट्या चेंबरचं माप धरा.

.३७५ च्या टिकण्याबद्दल जुनी_नळी यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. बुडाचं माप हे कारखान्याचं कारण झालं. वापरणाऱ्याचं कारण म्हणजे ते निमुळतं अंग. काडतूस तिरकं आलं तरी स्वतःच चेंबरमध्ये वाट काढतं आणि तापल्यावरही सुटतं. ३०० ग्रेनची गोळी २,५३० फूट प्रतिसेकंद, ऊर्जा सव्वाचार हजार फूट-पाउंडांच्या आसपास. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच किमान मर्यादा धरली गेली. कायद्यातच माप गेल्यावर काडतूस मरत नाही.

पीआरसीचं सरळ सांगतो. बिनपट्ट्याचं, ३० अंशांच्या खांद्यावर अडणारं, चेंबर काटेकोर, नळीचा पीळ ८ इंचांत एक फेरा. ७ एमएम रेम मॅगच्या नळ्या बहुतेक ९ ते ९.५ च्या, लांब जड गोळी त्यात स्थिर राहतेच असं नाही. .३०० विन मॅगची अडचण निराळी. मान ०.२६४ इंच, गोळीच्या व्यासापेक्षा आखूड, आणि काडतुसाची एकूण लांबी ३.३४० वर बांधलेली. लांब गोळी दारूच्या जागेत घुसते. .३०० पीआरसीला ३.७०० मिळतात. तरीही अमेरिकी लष्कराने जुन्या एम २४ रायफली बदलून एम २०१० केल्या त्या .३०० विन मॅगवरच, २२० ग्रेनच्या गोळीने. म्हणजे अडचण आहे, पण भिंत नाही.

पाचशे यार्डांपुढे वाऱ्यात नेम धरायचा असेल तर पीआरसी घ्या. एल्क तीनशेच्या आत पडणार असेल तर पैसे वाचवा. तिथे .३०-०६ आणि .३०० विन मॅगमध्ये १८० ग्रेनला वेगाचा फरक २,७०० विरुद्ध २,९६०, आणि २०० यार्डांवर नेम जुळवून ठेवला तर ३०० ला गोळी पडण्यातला फरक इंच-दीड इंचाचा. धक्का मात्र २० वरून २६ फूट-पाउंडांवर जातो, .३७५ ला सदतीस-अडतीस. धक्क्याला बिचकून चाप ओढला जाण्याने जनावरं जितकी जखमी होऊन सुटतात, तितकी कमी वेगाने नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पातळ आवरणाची साधी गोळी मॅग्नम वेगाने शंभर यार्डांच्या आत खांद्याच्या हाडावर लागली की फुटून वरवर राहते. ७ एमएमला १६० ग्रेनची बॉन्डेड (आवरणाला शिसं पक्कं जोडलेली) किंवा अखंड तांब्याची घ्या. आणि नळी २४ इंचांच्या खाली नको, दर इंचाला साधारण २५-३० फूट प्रतिसेकंद जातात. तीन बार झाले की नळी हाताला सोसेल इतकी गार होऊ द्या, नाहीतर घसा हजार-दीड हजार बारांतच जातो.

---

करवीर_नेमबाज

महाराष्ट्रात हा धागा वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण जुन्या घरांत वारशाने आलेल्या .३७५ अजून आहेत.

इथे या घराण्याचा एक धागा जुळतो तो १९०७ चा. इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० च्या रायफलींवर बंदी घातली, त्या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींत जातील म्हणून. त्या बंदीतून .४७०, .४६५ अशी नवी मापं निघाली. .३७५ त्या कात्रीत सापडलं नाही.

शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे प्रश्न फक्त जपणुकीचा. वारसाने परवान्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो, रायफल घरात आहे म्हणून ती आपली होत नाही. वर दिलेली घरी भरण्याची कृती इथे करू नका, शस्त्र परवान्यात ती परवानगी येत नाही. खडकीचा केएफ शिक्का असलेलं ८ एमएमचं काडतूस .३१५ साठी आहे, .३७५ मध्ये घालून बघायचा मोह नको.

रायफलीबरोबर कपाटात मिळालेली कॉर्डाइटची जुनी काडतुसं वापरू नयेत. पितळ ठिसूळ झालेलं असतं आणि बार उशिरा उडू शकतो. कधी नेमबाजीच्या मैदानावर चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. आणि पूर्वी अशी काडतुसं उडवून रायफल नुसतं तेल लावून ठेवलेली असेल तर नळी आतून तपासून घ्या. जुन्या प्रायमरचा क्षार तेलात विरघळत नाही. आधी कढत पाणी ओतायचं, चिंधीने कोरडं करायचं, मग तेल.