स्वखर्चाने केलेले प्रयोग: व्हिडिओवाल्याच्या धंद्याची गरज की निव्वळ हौस?

करवीरचा कॅमेरा (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षं मी कोल्हापुरात एकट्याने कमर्शियल व्हिडिओ करतो. दुकानांच्या जाहिराती, फौंड्रीचे माहितीपट, बिल्डरचे सॅम्पल फ्लॅट. शूट माझं, एडिट माझं, बिलं काढणं आणि पैशांसाठी फोन करणंही माझंच.

यंदा हंगामात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर चार दिवस घालवले. कुणी काम दिलेलं नव्हतं. परवा एका मित्राने तोंडावर विचारलं, "चार दिवसांत दोन दुकानांच्या रील्स झाल्या असत्या. तुला काय मिळालं?" त्याला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

स्वतःला अटी घातल्या होत्या. एकच लेन्स, ५० एमएम. ड्रोन नाही, स्लो मोशन नाही, वरून चढवलेलं संगीत नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही, फक्त रेकॉर्डर घेऊन बसलो. घाण्याची घरघर, चुलवाणात चिपाड पेटताना होणारी तडतड. आणि काहिलीतला रस! आधी पाण्यासारखा खळखळतो. पाक घट्ट होत गेला की बुडबुडे जड होतात आणि आवाज फदफद असा येऊ लागतो. गुळव्या माझ्याकडे पाठ करून चहा पीत होता. तो आवाज बदलला तसा कप खाली ठेवून उठला, थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहिली आणि काहील उतरवायला सांगितलं. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. हे मी आधी दोनदा गुऱ्हाळ शूट करूनही पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा डोकं शॉट लिस्टमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी काहिलीवर टाइमलॅप्स लावला. दर १० सेकंदांना एक फ्रेम, तीन तास. म्हणजे १०८० फ्रेम, सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने जेमतेम ४३ सेकंद. त्यातला निम्मा वाया गेला, गार काचेवर वाफ धरत होती. तिसऱ्या दिवशी लेन्स आधी अर्धा तास चुलवाणाच्या बाजूला ऊब धरायला ठेवली, मग काम झालं.

माझं म्हणणं असं, की एकट्याने काम करणाऱ्याने वर्षातून दोन-तीनदा तरी असं काम स्वतःच्या खिशातून करावंच. गिऱ्हाइकाच्या कामात आपण जे येतं तेच करतो. जे येत नाही ते शिकायला जागा कुठे आहे?

हिशेबाची वही

असहमत. तुमच्या मेहनतीबद्दल आदर ठेवूनच लिहितो.

आपल्या धंद्यात महिन्याचे तीस दिवस कामाचे नसतात. बारा-पंधरा शूट मिळाली तरी नशीब. उरलेल्या दिवसांत एडिट, कोटेशन, वसुली. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. तुमचे चार दिवस म्हणजे माझ्या घरचं महिन्याचं वाणसामान आहे. अकरा वर्षं झालेल्या माणसाने हा सल्ला दिला, की धंद्यात दोन वर्षं झालेलं पोरगं तो ऐकतं, कर्ज काढून नवी लेन्स घेतं आणि 'पॅशन प्रोजेक्ट'च्या नावाखाली वर्ष घालवतं. मी अशी तीन पोरं पाहिली आहेत. त्यातला एक आज कॅमेरा विकून कुरियरच्या गोडाऊनमध्ये आहे.

दुसरं, प्रयोगाची चटक लागली की तो गिऱ्हाइकाच्या कामात शिरतो. माझ्याच हातून झालंय. एका साडीच्या दुकानात पदर उडतानाचा शॉट स्लो मोशनसाठी सेकंदाला १२० फ्रेमवर घेतला. दुकानात सगळ्या ट्यूबलाइट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. घरी येऊन पाहिलं तर जरीच्या काठावर प्रकाश लपलपतोय. अख्खा दिवस पुन्हा शूट, दुकान पुन्हा बंद. १०० फ्रेमवर ठेवलं असतं तर निभावलं असतं. त्यांनी पैसे कापले नाहीत, पण पुढचं काम दिलं नाही.

करवीरचा कॅमेरा

@हिशेबाची वही, दादा, हेच तर मी म्हणतोय. तो १२० चा शॉट तुम्ही आधी घरच्या ट्यूबखाली, वहिनींची साडी घेऊन करून पाहिला असता तर?

हिशेबाची वही

घरी दहा मिनिटं चाचणी करणं वेगळं आणि गुऱ्हाळावर चार दिवस बसणं वेगळं. पहिल्याला मी तयारी म्हणतो. तिच्याबद्दल वाद नाही.

वाटाणा

धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत. आपल्या धंद्याची सुरुवातच स्वखर्चाच्या टाइमलॅप्सने झाली आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांना सिनेमासाठी भांडवल मिळत नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडंथोडं चित्रण करून रोप वाढताना दाखवणारी छोटी फिल्म केली. ती पाहून पैसे लावणारा माणूस पुढे आला. मे १९१३ मध्ये त्यांचा पहिला कथापट लागला. त्या वाटाण्याचं काम त्यांना कुणी दिलं होतं?

हिशेबाची वही

@वाटाणा, मग पुढचंही सांगा ना. त्याच पायी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. फाळके मोठे होतेच, पण त्यांच्या प्रयोगाची किंमत घरातल्या बाईने मोजली. आपल्यातल्या किती जणांनी घरी विचारून हे चार दिवस काढले, ते इथे लिहा.

आणि तो वाटाणा हौसेचा नव्हताच. भांडवलदाराला दाखवायचा नमुना होता तो. कुणाला दाखवायचा, कशासाठी, हे पेरतानाच ठरलेलं होतं.

पेठेतला दुकानदार

मी कॅमेरावाला नाही. चपलांचं दुकान आहे, वडिलांपासून. तुमच्यासारख्यांना पैसे देणाऱ्यांपैकी एक.

गेल्या वर्षी एका मुलाकडून जाहिरात करून घेतली. मुलगा गुणी. पण पहिले वीस सेकंद नुसता उन्हाचा कवडसा आणि धुरळा. चप्पल कुठे आहे? लोकांनी फोन करून विचारलं, दुकान कसलं आहे म्हणून. त्याला मी म्हटलं, बाळा, हे तू तुझ्यासाठी केलंस.

पण इथलं वाचून एक सांगावंसं वाटतं. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो, कातड्याच्या वादीने शिवतात. ती शिवण जवळून कुणी दाखवत नाही. आणि नवी चप्पल चालताना करकरते, त्या आवाजासाठी लोक मुद्दाम मागून घ्यायचे. माझ्या जाहिरातीत त्यावर तबला होता.

कागदावर सही

एक मुद्दा राहतोय, तो महत्त्वाचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन फिल्म करवून घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या शूटमध्ये केलेला तुमचा सुंदर प्रयोग तुमचा नाहीच. उद्या त्याने हरकत घेतली तर पोर्टफोलिओतूनही काढावा लागेल. गुऱ्हाळाचे ४३ सेकंद मात्र धागाकर्त्यांचे आहेत. या एका कारणासाठी मी स्वखर्चाच्या कामाच्या बाजूने आहे. बाकीच्यांनी निदान कोटेशनमध्ये "पोर्टफोलिओत दाखवण्याचा हक्क माझा" ही ओळ टाकत जा.

लग्नसराई

मला ती अटींची यादीच पटली नाही. ड्रोन नाही, स्लो मोशन नाही, यात शिकण्यापेक्षा सोवळं जास्त वाटतं. मी लग्नं करते. नवरीला अंतरपाट खाली येतानाचा स्लो मोशन हवाच असतो, आणि त्यात मी दरवेळी वेगळं काहीतरी शोधते. मागच्या हंगामात अंतरपाट खाली येताना कॅमेरा नवरानवरीकडे ठेवलाच नाही, मुलीच्या मामांच्या चेहऱ्यावर ठेवला. दुसरा कॅमेरा नेहमीच्या जागी होता, त्यामुळे कुणाचं काही बुडालं नाही. त्या घरात आज तोच शॉट सगळ्यात जास्त पाहिला जातो. प्रयोगाला वेगळे चार दिवस लागत नाहीत. लागतो तो एक जास्तीचा कॅमेरा.

करवीरचा कॅमेरा

@लग्नसराई, ताई, मामांचा शॉट ऐकूनच गलबलून आलं. पण तो तुम्हाला सुचला कारण तुम्ही शेकडो लग्नं जवळून पाहिलीत. मला गुऱ्हाळ तसं पाहायचं होतं. अटी त्यासाठी होत्या. ड्रोन हातात असला की मी वर जातो आणि गुळव्या दिसेनासा होतो.

@हिशेबाची वही, घरी विचारलं होतं का, या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असं आहे. सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. हे मला लागलं. नवख्यांबद्दलचं तुमचं म्हणणंही मान्य, धंद्यात दोन वर्षं झालेल्या मुलाने चार दिवस घालवू नयेत, एक रविवार पुरे. पण एवढं कमी करूनही माझं मत तेच आहे. तो फदफद आवाज मला कुठल्याही शॉट लिस्टने दिला नसता.

@कागदावर सही, ती ओळ आजच कोटेशनमध्ये टाकली.

@पेठेतला दुकानदार, काका, तुमच्या दुकानात एक दिवस रेकॉर्डर घेऊन येऊ का? पैसे नकोत. वादीची शिवण आणि करकर, दोनच गोष्टी.

हिशेबाची वही

पैसे नकोत, हे मला अजूनही पटत नाही. निदान पेट्रोलचे घ्या.

पेठेतला दुकानदार

सकाळी दहाच्या आत या. नंतर रस्त्यावर हॉर्न सुरू होतात.