मदत हवी आहे: भाच्याला परदेशात फुटबॉल डिफेंडर म्हणून खेळायचंय

नमस्कार मंडळी,
माझा भाचा कोल्हापूरचा, वय १७, सेंटर बॅक (गोलसमोर मध्यभागी खेळणारा डिफेंडर). शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचेस बघत वाढलेला. हेडिंग जोरदार आहे, आणि फॉरवर्ड अंगावर आला तरी घाईने पाय घालत नाही, थांबतो. मला त्याचं हेच सगळ्यात आवडतं.

त्याला युरोपात ट्रायल मिळवून देतो म्हणून एक एजंट आधीच मोठी रक्कम मागतोय. मला हे पटत नाही. माझ्या माहितीप्रमाणे १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत फिफा (फुटबॉलची जागतिक संघटना) आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरला, म्हणजे दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जायला, परवानगी देत नाही, अपवाद मोजकेच. एजंटकडेही फिफाचा परवाना लागतो. याचं नाव फिफाच्या यादीत सापडलं नाही.

ताईची धास्ती वेगळीच आहे. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला, दुखापत झाली आणि लीगची एकही मॅच न खेळता काही महिन्यांत कोलकात्याच्या मोहन बागानकडे परतला. भारतीय संघाच्या मुख्य डिफेंडरचं असं झालं, तर आपल्या पोराचं काय, असं ती विचारते. उलट डिफेंडर किम मिन-जे कोरियातून चीन, तुर्कस्तान असं करत २०२२ मध्ये इटलीच्या नापोली क्लबमध्ये पोचला आणि पहिल्याच मोसमात इटलीची लीग जिंकला. म्हणून मला वाटतं, त्याने आधी इथे भारतातल्या लीगमध्ये दोन-तीन मोसम काढावेत.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी बाहेर खेळते का? करारात दुखापतीच्या उपचारांचा खर्च कोण करतं, हे कसं तपासायचं? आणि करार वाचून देणारा खेळाच्या कायद्यातला वकील पुण्या-मुंबईत कुणाला माहीत आहे का? एजंटला याच आठवड्यात उत्तर हवंय.