जुनी फोर बाय फोर घ्यायचीय : दोन हिवाळे किन्नौर, मग कायमची साताऱ्यात. सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मी मूळचा साताऱ्याचा, जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांवर काम करतो. दिवाळीनंतर हिमाचलात किन्नौरमधल्या सांगल्याला हजर व्हायचंय (सांगली नव्हे, सांगला). किमान दोन हिवाळे तिथं काढायचेत. साइटवर कंपनीच्या गाड्या आहेत, पण बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत येणार, त्यामुळं स्वतःची गाडी हवीच. बजेट आठ लाख. गाडी, टायर, कागदपत्रं, पहिलं सर्व्हिसिंग, सगळं त्यातच बसवायचंय.

रस्ता असा : शिमल्याहून नारकंडा, रामपूर करत राष्ट्रीय महामार्ग ५ नं करछमपर्यंत, तिथून बास्पा नदीच्या कडेनं वर. सांगला सुमारे २,७०० मीटरवर आहे, डिसेंबर ते मार्च बर्फ. उन्हाळ्यात जाऊन आलोय. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, समोरून बस आली की एकानं रिव्हर्स घ्यायचाच. यवतेश्वर, ठोसेघरच्या घाटांत हात बसलाय, त्यामुळं त्याची धास्ती नाही. बर्फावर मात्र कधी चालवलेली नाही.

परत आल्यावर गाडी विकायची नाही. आमचं गाव बामणोलीच्या बाजूला, जुलै-ऑगस्टमध्ये घरापर्यंतचा शेवटचा कच्चा तुकडा म्हणजे नुसता चिखलाचा राडा. तिथंही तीच वापरायची.

पाहिलेल्या गाड्या :

डस्टर एडब्ल्यूडी (गरजेप्रमाणं चारही चाकांना ताकद देणारी) डिझेल, २०१६, सेकंड ओनर, मिरजेत. आतून नीटनेटकी. लो रेंज (अगदी हळू पण जोरात ओढणारे जादा छोटे गिअर) नाही.

थार सीआरडीई, २०१७, कराडला. हार्डटॉप बसवलाय, टायर भलेमोठे, मालक हौशी. मला आवडली, बायकोनं मागचे आडवे बाक पाहिले आणि काही न बोलता खाली उतरली.

जिप्सी, पेट्रोल, साताऱ्यातच. स्वस्त आहे, एसी नाही, स्प्रिंगचे पाटे कडक.

जिम्नी बघून ठेवलीय, पण २०२३ पासूनच्याच असल्यानं जुनीही बजेटच्या वर जाते.

माझा कल डस्टरकडं आहे. अडतंय दोन ठिकाणी. लो रेंजशिवाय बर्फाळ उतारावर निभावेल का? आणि साइटवरचा एक स्थानिक सहकारी म्हणतो, आम्ही अल्टोच्या चाकांना साखळ्या लावून फिरतो, फोर बाय फोर ही तुमची हौस. हे खरं असेल तर पैसे वाचवून साधी गाडीच का घेऊ नये? बर्फात प्रत्यक्ष चालवलेल्यांनी लिहावं. आगाऊ धन्यवाद.

कासवाट : थार घ्या, डोळे झाकून. साताऱ्यात दुसरं काय शोभतं!

घाटमाथा : डोळे झाकूनच घेतात लोक, म्हणून सांगतो. हल्ली बाजारात २०२३ पासूनच्या नव्या थारही जुन्या म्हणून येतात आणि त्यांत रिअर व्हील ड्राइव्हही (फक्त मागच्या चाकांवर चालणारी) असते. मागं कुणीही फोर बाय फोरचा स्टिकर चिकटवतो. गिअरच्या शेजारी दुसरा लिव्हर आहे का ते बघायचं. बाकी दिसायला सख्ख्या बहिणी.

निवृत्त_चालक : सैन्यात गाड्या चालवल्या, हिमाचल-लडाखचे बरेच हिवाळे पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

फोर बाय फोर गाडी पुढं न्यायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक अल्टोलाही चारच चाकांना आणि थारलाही. उलट थार वजनानं जड, एकदा सुटली की लवकर आवरत नाही. चढ सहज चढून गेलेला माणूस त्याच जोशात उतरायला लागतो, घात तिथं होतो.

तिकडचा रस्ता हिवाळ्यात सगळा पांढरा नसतो, हे इथल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. उन्हाच्या वळणावर कोरडं डांबर, आणि पुढच्याच सावलीतल्या वळणावर दुपारी वितळून रात्री गोठलेलं पाणी. ते डांबरासारखंच काळं दिसतं. थार-जिप्सीला मधला डिफरन्शियल (वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीनं फिरू देणारा भाग) नाही. फोर एच (नेहमीच्या वेगाचा फोर बाय फोर) टाकला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच गतीनं फिरणार. बर्फावर चाक थोडं घसरून तो ताण सुटतो, कोरड्या डांबरावर वळताना सुटत नाही, गाडी अडल्यासारखी होते आणि सगळा भार ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो. म्हणजे दर दोन वळणांमागं लिव्हर मागं-पुढं करत बसा. डस्टर ऑटोवर ठेवली की एरवी पुढच्या चाकांवर चालते, घसरायला लागली की मागच्यांना ताकद देते. रोज बायको-मुलीला घेऊन जायचंय तर हे सोयीचं.

लो रेंजचं म्हणाल तर उतारावर तिच्यासारखं सुख नाही. फोर एल (लो रेंज), पहिला गिअर, पाय ब्रेकवरून बाजूला, गाडी आपली आपण उतरते. डस्टरला ते नाही, पण एडब्ल्यूडीचा पहिला गिअर मुद्दाम छोटा दिलाय. उतार सुरू व्हायच्या आधी पहिल्यात घ्यायची. मध्येच गिअर बदलायला क्लच दाबलात की इंजिनाची पकड सुटली.

अल्टोवाला खोटं बोलत नाही. हलकी गाडी, अरुंद टायर, वर साखळ्या, आणि प्रत्येक वळण पाठ. शिवाय ज्या दिवशी जायचं नसतं त्या दिवशी तो घरातून निघतच नाही. हे शेवटचं तुम्हाला जमेल का, ते साइटवरच्या साहेबाला विचारा.

साखळ्या डस्टरला पुढच्या चाकांना लावायच्या, टायरच्या मापाच्याच घ्यायच्या, आणि साताऱ्यातच अंगणात अंधारात हातमोजे घालून लावून बघायच्या. तिकडं बर्फात गुडघे टेकून पहिल्यांदा शिकणं नको. कोरडं डांबर लागलं की काढायच्या. आडव्या खोबणीचे ऑल टेरेन टायर बामणोलीच्या राड्यात छान, पण गोठलेल्या रस्त्यावर त्यांचं रबर कडक पडतं. खास हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, त्याच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेला असतो. इकडं ते सहज मिळत नाहीत. मिळाले तर चारही घ्या, दोन नाही. एडब्ल्यूडीला चारही टायर सारखेच आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर मागच्या जोडणीवर सतत ताण राहतो.

आता इथल्या जुन्या गाडीचं खरं दुखणं. रेडिएटरचं झाकण (इंजिन थंड असताना) उघडून बघा. आपल्याकडं बऱ्याचदा नळाचं पाणी निघतं, चहासारखं तांबडं. साताऱ्यात चालून जातं. तिकडं रात्री ते गोठून फुगलं की इंजिनाच्या ब्लॉकला तडा. पूर्ण फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. काच धुण्याच्या टाकीतही साधं पाणी नको. बॅटरी जुनी असेल तर इथंच बदला. इथल्या डिझेलनं टाकी तुडुंब भरून वर नेऊ नका, थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. वर पोचेपर्यंत टाकी उतरू द्या, मग तिकडच्या पंपावर भरा. आणि रात्री हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, लायनर ड्रमला गोठून चिकटतात. गिअरमध्ये लावा, चाकाला दगड.

कृष्णाकाठी : मिरजेची गाडी म्हणालात म्हणून लिहायला बसलो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही महापुरांत आमच्या सांगलीत लय गाड्या पाण्यात होत्या. धुऊन-पुसून, सीट कव्हर घालून त्या विकल्या गेल्या, अजून फिरतात. तुमची २०१६ ची, म्हणजे दोन्ही पूर बघितलेली. सगळ्यात आधी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुसणारा वरचा हातभर पुसतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच असती. मग डिकीतलं मॅटिंग उचला, स्टेपनीच्या खोलगटात हात फिरवा. सीटखालच्या वायरींचे जोड हिरवे पडलेत का बघा. या गाडीचं मागचं चाक विजेच्या क्लचवर चालतं, त्याच्या जोडात पाणी गेलं असंल तर मिरजेच्या सपाट रस्त्यावर कायसुद्धा कळायचं नाही. सगळं ठीक वाटलं तरी इन्शुरन्सचा क्लेम इतिहास मागा. मालक कां-कूं करायला लागला तर चहा पिऊन निघा.

घाटमाथा : आणि टेस्ट ड्राइव्ह मिरजेजवळच्या दंडोबा डोंगराच्या बाजूला कच्च्या चढावर घ्या. डस्टरचं लॉक (मागची चाकंही कायम जोडणारं बटण) लावून मागची चाकं माती उडवतात का, हे बाहेर उभं राहून दुसऱ्यानं बघायचं. थारही बघणार असाल तर खडीवर फोर एच टाकून एकदम वळवा. गाडी अडली पाहिजे. लोण्यासारखी वळली तर पुढचा ॲक्सल जोडलाच जात नाहीये. मोठे टायर आणि हौशी मालक म्हणजे स्पर्धेत पळवलेली असू शकते, ट्रान्सफर केसचं तेल काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय.

पासिंगवाला : कागदांचं थोडक्यात. बँकेचा बोजा उतरलाय का ते ॲपवर आधी बघा, टोकन नंतर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर कायद्यानं (मोटार वाहन कायदा, कलम ४७) तिथला नंबर घ्यावा लागतो. दोन हिवाळे म्हणजे तुम्ही त्यात येता. एनओसी (इथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि तिथला कर आठ लाखांतून वजा करूनच मिरजेत भाव बोला.

धागाकर्ता : सगळ्यांचे मनापासून आभार. कलम ४७ चं डोक्यातच नव्हतं. आडव्या बाकांमुळं थार आणि जिप्सी दोन्ही घरातूनच बाद झाल्यात, तेव्हा रविवारी मिरजेला डस्टर बघायला जातोय, सीट बेल्टपासून सुरुवात करतो. साइटवर विचारलं, बर्फ पडत असताना निघायची सक्ती नाही म्हणाले, त्यामुळं लो रेंजचा आग्रह सोडला.

दोनच गोष्टी राहिल्या. २१५/६५ आर १६ मापाच्या साखळ्या पुण्यात कुठं मिळतील की थेट शिमल्यातच घेऊ? आणि कराड-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एडब्ल्यूडी डस्टरचं मागचं काम खरोखर खोलून केलेला मेकॅनिक माहीत असेल तर शनिवारपर्यंत व्यनि (खासगी निरोप) करा. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मालकाकडं नाही, तेही त्याच्याकडूनच बघून घेईन.