मदत हवी आहे: चेनसॉ गरम झाली की बंद पडते

करवतवाला
मंडळी, वैताग आलाय. चेनसॉ सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला चालू होते, छान कापते आणि थोड्या वेळाने रेस दिली की घुसमटून बंद. जरा थांबलं की परत चालू, परत तेच. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर साफ आहे. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून धुतला, स्क्रू फिरवले आणि "आता बघा" म्हणाला. बघितलं. तेच. वादळात आडवी झालेली झाडं उचलायचं काम अंगावर आहे आणि माणसं हातावर हात ठेवून बसलीत. काय बदलायचं ते सांगा, बदलतो. इग्निशन कॉइल (ठिणगीची वीज तयार करते ती) मागवू का?
जाता जाता: ओंडके रस्त्यापर्यंत आणायला ट्रॅक्टर बरा की पिकअपला विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवून घेऊ?

शंकेखोर
मशीन कोणती? किती सीसी? किती जुनी? पेट्रोल-ऑइलचं मिक्स काय प्रमाणात? पेट्रोल कधी आणलेलं? "थोड्या वेळाने" म्हणजे किती? इतकं लपवून ठेवलंत तर इथे फक्त ज्योतिषी उत्तर देतील.

करवतवाला
साधारण ५० सीसी. जुनी आहे पण दणकट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अर्धा धागा त्याच भांडणात जाईल. मिक्स नेहमीचंच. कॉइल मागवू का, एवढंच विचारलंय हो.

सर्किट
मागवा. गार असताना ठणठणीत आणि गरम झाली की मेली, म्हणजे कॉइल. आतली वाइंडिंग तापली की सुटते, निवली की परत जुळते. माझ्याकडे डिट्टो हेच झालं होतं. डोळे झाकून बदला.

शंकेखोर
डोळे उघडे ठेवून आधी ठिणगी बघा की. बंद पडल्या पडल्या प्लग काढा, तो कॅपमध्ये घालून त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी ठिणगी कडकन पडली तर कॉइलचे पैसे वाचले. आणि "नेहमीचं" हे माप माझ्या मापपात्रावर नाही.

ऑइलआजोबा
मुळात हल्लीची मंडळी ऑइल कमी टाकतात, म्हणून मशीन तापते. ५० ला १ हे कागदावर ठीक आहे. मी आयुष्यभर २५ ला १ वापरलं, लिटरला ४० मिली. थोडा धूर होतो, होऊ दे. धूर दिसतोय म्हणजे पिस्टनला वंगण मिळतंय.

करवतवाला
५० ला १. लिटरला २० मिली, मोजून. झालं समाधान?

रानवाट
आजोबा, ४० मिली हे जुन्या साध्या ऑइलचं माप होतं. आता डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा वरचा दर्जा) लिहिलेलं चांगलं ऑइल असेल आणि मशीनच्या पुस्तकात ५० ला १ दिलेलं असेल तर २० मिली पुरतं. शिवाय ऑइल वाढवलं की त्याच थेंबात पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे जळण उलट पातळ होतं. वर सायलेन्सरच्या जाळीत काजळी धरते ती वेगळीच. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल मात्र करवतीत घालू नये. ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनांसाठी असतं.

ऑइलआजोबा
ताई, माझ्या मशीनला तुमचं हे गणित कळत नाही बहुतेक, ती अजून चालतेय.

चार्जर
अजून पेट्रोल ओतत बसलाय? बॅटरीची करवत घ्या. दोरी नाही, मिक्स नाही, कार्बोरेटर नाही. मी फांद्या छाटायला वापरतो, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

करवतवाला
भाऊ, मिठी मारली तर हात पुरत नाहीत असे बुंधे आहेत आणि जवळपास वीज नाही. वादळाने तारा पण पाडल्यात.

चार्जर
तीन-चार बॅटऱ्या ठेवायच्या जास्तीच्या. गाडीत इन्व्हर्टर.

शंकेखोर
प्रश्न काय, उत्तर काय! पेट्रोल कधीचं ते अजून कळलं नाही. इथेनॉल मिसळलेलं असेल आणि डब्यात महिना-दीड महिना पडून असेल, तर तिथेच शोधा. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी वाढलं की दोघं मिळून तळाशी बसतात आणि टू-स्ट्रोक ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं. टाकीतला फिल्टर ओढतो तळाचं. म्हणजे इंजिनला काय मिळालं? पाणी, इथेनॉल आणि शून्य वंगण. बहुतेक करवतींच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं.
आपल्या पेट्रोलमध्ये किती आहे ते घरीच बघता येतं. काचेचं उंच मापपात्र घ्या. ऑइल न मिसळलेलं पेट्रोल ९० मिली, पाणी १० मिली, बूच लावून हलवा, ठेवून द्या. खालचा थर १० चा १० च राहिला तर इथेनॉल नाही. १९-२० वर गेला तर ९० मिलीत साधारण ९-१० मिली होतं. हे उघड्यावर करायचं, विडी-काडी लांब ठेवून.

करवतवाला
पेट्रोल याच आठवड्यातलं आहे. आणि मंडळी, आज बंद पडल्या पडल्या ठिणगी बघितली. कडक आहे. मग आता?

सर्किट
एकदा बघून कळत नाही. इंजिन फिरत असताना तापमान वेगळं असतं. कॉइलच.

विंचू
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये म्हणून लिहितो. पिकअप + विंच. ट्रॅक्टर ओल्या मातीत चाकोऱ्या पाडतो, विंचला गाडी रस्त्यावर उभी करून काम होतं. कप्पी लावली की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. एक मात्र लक्षात ठेवा: विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोर जितका गुंडाळलेला तितकी ओढ कमी. म्हणून लांबून ओढायला सुरुवात करायची आणि ड्रमवर शेवटचे पाच-सहा वेढे कायम ठेवायचे.

बुंधेकर
पिकअप विंचने ओंडका ओढते का ओंडका पिकअपला ओढतो, हे ओंडक्याच्या वजनावर आहे. हिरव्या लाकडाचं वजन काय असतं कल्पना आहे का? तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा जड भरतं कधी कधी. ट्रॅक्टरच घ्या. फक्त साखळी मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांडीलाच) लावा. वरच्या लिंकला किंवा ॲक्सलला लावली आणि ओंडका कुठे अडकला, की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ब्रेककडे पाय जायलाही वेळ मिळत नाही.

विंचू
गाडीला खुंट्या मारून, झाडाला पट्टा बांधून उभी करतात साहेब. आम्ही काय हवेत विंच चालवतो?

बुंधेकर
झाडाला पट्टा बांधायला झाड उभं पाहिजे. त्यांच्याकडे सगळी आडवी झालीत. (हलके घ्या.)

रानवाट
करवतवाला दादा, ट्रॅक्टर राहू दे बाजूला. बंद पडते तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं?

करवतवाला
असतं की. संपलेलं नसतं, तेवढं कळतं मला. निम्मं वगैरे असतं.

रानवाट
दर वेळी निम्मंच?

करवतवाला
आता विचारलंत म्हणून... हो, साधारण तिथेच.

रानवाट
आणि ती "जरा थांबलं की चालू होते" म्हणता, त्या थांबण्यात काय करता?

करवतवाला
पाणी पितो, चेन ताणतो, कानशीने दोन-चार दात मारतो, टाकी भरून घेतो. मग चालू.

रानवाट
म्हणजे थांबणं, झाकण उघडणं आणि टाकी भरणं, तिन्ही एकदमच होतात. त्यातल्या कशाने ती चालू होते हे अजून आपल्याला माहीतच नाही, तुम्ही मात्र "गरम" म्हणून मोकळे झालात.
बंद पडली की नुसतं झाकण सैल करून परत लावा, दुसरं काही नको. लगेच नीट चालली तर टाकीचा व्हेंट बुजलाय. पेट्रोल कमी होतं तशी आत हवा जायला हवी. ती जात नसेल तर टाकीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो.
झाकणाने फरक नाही पडला तर न थांबता टाकी भरून ओढा. चालली तर टाकीतल्या पेट्रोलच्या पाइपला चीर आहे. पाइप जिथे टाकीच्या भिंतीतून रबरी बुशातून आत जातो, तिथे तो कडक होऊन फाटतो. टाकी भरलेली असते तोवर चीर पेट्रोलात बुडालेली. पातळी खाली गेली की तिथून हवा ओढते. आयडलला कसंबसं भागतं, पूर्ण रेसला नाही.
दोन्हीने चालली नाही आणि फक्त निवल्यावरच चालली, तरच उष्णता. मग सर्किट यांची कॉइल, क्रँकचं सील किंवा ओरखडलेला पिस्टन.

शंकेखोर
निदान आवडलं, पण तापलेल्या मशीनमध्ये न थांबता पेट्रोल भरा, हे तुम्ही जाहीरपणे सांगताय? सायलेन्सर कसला तापलेला असतो! निववून भरायचं, सांडलेलं पुसायचं आणि भरल्या जागेपासून निदान ३ मीटर लांब नेऊन चालू करायची. हे वाचून कुणी नवखा करून बसेल.

रानवाट
बरोबर. ते वाक्य मागे घेते. गरम झाकण सैल करायचंही सोडा, दाबलेली वाफ तोंडावर येते. उलटं करू: सकाळी मशीन पूर्ण गार असताना टाकीत निम्म्याहून कमी मिक्स घाला आणि चालू करा. कॉइल, सील, व्हेंट यांचा दोष असेल तर सुरुवातीला नीट चालेल. पाइप फाटला असेल तर गार असतानाच रेसला मान टाकेल. हे माझ्या आधीच्या पद्धतीपेक्षा सोपं आहे.

सर्किट
कॉइलच निघणार. वाचनखूण साठवतोय.

ऑइलआजोबा
चेन बोथट असेल तर? भुसा पिठासारखा पडतो की चपट्या कपच्या पडतात ते बघा. पीठ पडत असेल तर माणूस मशीन दाबतो आणि इंजिन दमतं. आमच्या वेळी आधी कानस, मग मेकॅनिक.

करवतवाला
कपच्या पडतात आजोबा, कानस रोज लागते.
ताई, करून बघितलं. गार मशीन, टाकीत निम्म्याहून बरंच कमी. चालू झाली, आयडलला उभी राहिली, ट्रिगर दाबला की घुसमटली आणि बंद. परत ओढली, परत तेच. मग तशीच गार असताना टाकी गळ्यापर्यंत भरली. सुसाट.
तारेचा आकडा करून पाइप बाहेर ओढला. सरळ धरला तर नवा वाटावा असा. बुशाच्या जागी वाकवला आणि चीर उघडली, नखाएवढी, आतून काळी. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला, पण पाइप वाकवून कोण बघतो!

सर्किट
ठीक आहे. तरी जुन्या मशीनची कॉइल कधी ना कधी जातेच.

रानवाट
पाइप त्याच मॉडेलचा घ्या. जाडी जराशी इकडेतिकडे झाली तर बुशात सैल बसून टाकी गळेल. साधी प्लास्टिकची पारदर्शक नळी मिळाली म्हणून घालू नका, पेट्रोलने ती काही दिवसांत काठीसारखी होते. लांबी अशी की फिल्टर टाकीच्या चारही कोपऱ्यांत लोळत पोचला पाहिजे, मशीन आडवी धरली तरी. बूशही बदला. इम्पल्सची नळी (इंजिनातल्या दाबाने कार्बोरेटरचा पंप चालवते ती) तेवढ्याच वयाची असेल, तीही वाकवून बघा.
आणि एक राहिलं. हवा घुसत होती तेव्हा मेकॅनिकने स्क्रू फिरवले म्हणालात. त्याने बहुतेक एच स्क्रू (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) उलटा फिरवून पेट्रोल वाढवलं असणार. आता चीर गेली की मिश्रण जास्त गडद होईल, धूर करेल, प्लग काळा-ओला निघेल.

करवतवाला
अगदी तसंच झालंय! पाइप टाकला, शेवटच्या थेंबापर्यंत चालते, पण धूर करते आणि पूर्ण रेसला भडभड आवाज येतो. किती फिरवू?

रानवाट
आधी एअर फिल्टर साफ, चेन धारदार. एच घड्याळाच्या दिशेने, एका फेऱ्याच्या आठव्या हिश्शाहून कमी, एका वेळी एवढंच. रिकाम्या पूर्ण रेसला हलकी भडभड राहू द्यायची, लाकडात शिरली की ती स्वच्छ व्हायला हवी आणि बाहेर काढली की परत यायला हवी. रिकाम्या रेसला शिट्टीसारखा तीक्ष्ण सूर लागला तर जास्त फिरवलंत, लगेच मागे घ्या, नाहीतर पिस्टन जाईल. मशीनवर कमाल आरपीएम लिहिलेले असतात, टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) मिळाला तर कानावर विसंबू नका. नव्या काही मशीनमध्ये हे स्क्रू नसतातच, तुमची जुनी आहे म्हणून सांगतेय.

चार्जर
बॅटरीच्या करवतीत यातलं काहीच नसतं, एवढंच नमूद करतो.

करवतवाला
जमलं ताई. लाकडात शिरली की आवाज साफ होतो, बाहेर काढली की परत भडभड. कॉइलची ऑर्डर रद्द केली. माणसं कामाला लागली. आता ओंडक्यांचं बोला, ढीग लागलाय.

विंचू
मी कधीचा बोलतोय! जमीन ओली आहे का, उतार कुठल्या बाजूला आहे, सगळ्यात जाड ओंडका किती?

बुंधेकर
आणि ट्रॅक्टर किती एचपीचा मिळतोय ते आधी सांगा.