मेटल इंजेक्शन मोल्डिंग : ओतीव, घडीव की भाजीव?

प्रश्न : एका तांत्रिक पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ‘मेटल इंजेक्शन मोल्डिंग’ला ‘धातूचं ओतकाम’ म्हटलं तर चालेल? ‘ग्रीन पार्ट’चं मी ‘हिरवा भाग’ केलं होतं. संपादकांनी समासात लिहिलंय, ‘चित्रात तर करडा दिसतोय!’

– ओतकाम नकोच. ओतायचं तर धातू वितळायला हवा, आणि इथे तो भट्टीतसुद्धा वितळू द्यायचा नसतो. साधारण २० मायक्रॉनहून बारीक धातूची पावडर मेण-प्लास्टिकच्या बाइंडरमध्ये, म्हणजे कण धरून ठेवणाऱ्या मिश्रणात, मळतात. आकारमानाने ६० टक्क्यांच्या आसपास पावडरच असते. साच्यात दाबाने शिरतो तो हा गोळा, आणि पातळ होतो तो फक्त बाइंडर. म्हणून तर दातांच्या तारेचे ब्रॅकेट, खाचा-आकड्यांसकट, एका फटक्यात निघतात. तेच कातून काढायचे म्हटलं तर कारागीर हात जोडेल.

– ‘ग्रीन’ म्हणजे इथे कच्चा, साच्यातून नुकता निघालेला, बाइंडरसकट. कच्ची वीट म्हणतो ना, तसं. रंगाचा काही संबंध नाही.

– मग ‘ब्राउन पार्ट’?

– तोही तपकिरी नव्हे. बहुतेक बाइंडर काढून टाकलेला, आतून सच्छिद्र झालेला तुकडा. बोटांत जरा जास्त दाबला की खडूसारखा मोडतो. मी ‘ब्राउन पार्ट’च ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगेन. ओढूनताणून केलेला प्रतिशब्द कारखान्यात कुणी वापरत नाही.

– पुढे हा तुकडा भट्टीत तापवतात, त्या सिंटरिंगला ‘भाजणे’ सुचवतो. स्टेनलेस स्टील १३०० अंश सेल्सिअसच्या वर, पण वितळणबिंदूच्या खाली ठेवतात. कुंभाराचा आवाच जणू.

– अर्धवट पटलं. ‘भाजणे’त उष्णता आली, पण कण एकमेकांना चिकटून मधल्या फटी बुजतात, ते कुठे आलं? ‘भाजून सांधणे’ म्हणा. शिवाय तुकडा सगळ्या बाजूंनी १५ ते २० टक्के लहान होतो. साच्यातले २० मिमी भट्टीबाहेर १७ च्या आसपास भरतात. साचा मुद्दाम मोठा करतात तो त्यासाठीच.

– त्याला ‘आटणे’ म्हणू?

– आटतं दूध, नाहीतर कापड. इथे ‘आकसणे’ बरं.

– ठीक. ‘कच्चा भाग’, ‘भाजून सांधणे’, ‘आकसणे’ घेतले. ‘भाजीव’ मात्र शीर्षकातच राहू दे, संपादक पुन्हा समासात लिहितील.