१७ वर्षांच्या मुलाला ब्रिटनमध्ये स्पीडवे खेळायला पाठवायचंय: व्हिसा, क्लब आणि टीममधली जागा, सल्ला हवा

अॅडलेडकर

नमस्कार मंडळी. मुलगा रोहन सतरा पूर्ण आहे. विंगफील्डच्या ज्युनियर ट्रॅकवर लहान मोटरसायकलींपासून सुरुवात केली, आता गिलमनला ५०० सीसी चालवतो. घड्याळ बघून सांगतो, नुसतं बापाचं कौतुक नाही: इथल्या मोठ्यांच्या मागे तो फार राहत नाही.

आता ब्रिटनमध्ये लीग खेळायची म्हणतोय. एका क्लबला रेसचे व्हिडिओ पाठवले होते. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, मुलगा आवडला, पण आधी व्हिसाचं काय ते बघा. इथले ओळखीचे म्हणतात, यूथ मोबिलिटी व्हिसा काढा, अठरा झाला की आरामात मिळतो, तीन वर्षं राहता येतं. ते बरोबर आहे का? आणि बाहेरच्या देशातल्या एवढ्या लहान रायडरला तिथले क्लब कुठल्या लीगमध्ये घेतात, कशावरून निवडतात? ब्रिटनमधल्या मंडळींपैकी कोणी स्पीडवेला जात असेल तर कृपया सविस्तर लिहा. पुढच्या सीझनसाठी ठरवायला फार महिने हातात नाहीत.

मीनल_इप्सविच

अॅडलेडकर, आधी एक काम करा. यूथ मोबिलिटीचा अर्ज भरायला घेतला असेल तर थांबवा.

मी नोकरीत रोज परदेशी कर्मचाऱ्यांचे व्हिसाचे कागद बघते, आणि उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी फॉक्सहॉलच्या ट्रॅकवर विचेसची, म्हणजे इप्सविचच्या स्पीडवे टीमची, मॅच बघते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते. यूथ मोबिलिटीवर जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते. कॅफेत करा, गोदामात करा, बँकेत करा. पण व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. ही अट स्पष्ट लिहिलेली आहे आणि लोक ती वाचतच नाहीत. स्टुडंट व्हिसालाही तीच अट आहे.

"पैसे न घेता खेळला तर?" हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. गृहखात्याची व्यावसायिक खेळाडूची व्याख्या फार रुंद आहे. व्यावसायिक किंवा अर्धव्यावसायिक पातळीवर खेळणारा माणूस त्यात येतो, पैसे मिळोत की न मिळोत. लीग स्पीडवेत प्रत्येक पॉइंटचे पैसे मिळतात, त्यामुळे इथे पळवाट काढायला जाऊच नका. सतराव्या वर्षी नियम मोडल्याची नोंद पासपोर्टमागे लागली तर पुढच्या व्हिसा अर्जांत ती अडचण होऊ शकते.

सरळ रस्ता म्हणजे इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा. त्यासाठी वय किमान १६ लागतं, क्लबने स्पॉन्सर व्हावं लागतं, आणि खेळाच्या मान्यताप्राप्त संघटनेचं शिफारसपत्र लागतं. हे शिफारसपत्रच अवघड आहे. रायडरने राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर काय केलंय ते दाखवावं लागतं. मुक्काम बारा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर इंग्रजीची अटही येते, पण रोहनला त्याची काळजी नाही.

ओंकार_कोल्हापूर

मध्येच विचारतो, माफ करा. स्पीडवे म्हणजे त्या मातीवर तिरक्या जाणाऱ्या गाड्या ना? त्यांना ब्रेक नसतात असं ऐकलंय, खरं का?

नाना_ग्लासगो

खरं आहे ओंकार. ब्रेक नाही, गिअर एकच, इंजिन ५०० सीसी एका सिलिंडरचं, इंधन मिथेनॉल. अंडाकृती ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या, उलट्या घड्याळाने. वळणात मागचं चाक बाहेर फेकायचं आणि डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा, म्हणून डाव्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो. साधारण एका मिनिटात रेस संपते. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. लीगच्या मॅचमध्ये अशा पंधरा हीट होतात आणि प्रत्येक टीमचे सात जण असतात.

अॅडलेडकर, आता तुमचा दुसरा प्रश्न. वरती प्रीमियरशिप, तिच्याखाली चॅम्पियनशिप, सगळ्यात खाली नॅशनल डेव्हलपमेंट लीग. तुमच्या मुलासाठी मधली. खालची लीग मुळात ब्रिटिश पोरं घडवायला आहे. प्रीमियरशिपमध्ये २०२१ पासून प्रत्येक टीममध्ये एक जागा 'रायझिंग स्टार' म्हणून ब्रिटिश तरुणासाठी राखीव आहे. त्याच्याही आधी, २०१४ साली, तेव्हाच्या सगळ्यात वरच्या एलिट लीगमध्ये दोन्ही राखीव रायडर (टीममधले सहा आणि सात नंबरचे) ब्रिटिश तरुण घ्यायची पद्धत सुरू केली होती. बाहेरच्या मुलाने त्या जागांकडे बघू नये. त्या कशासाठी ठेवल्यात ते मला पटतं. इथली पोरं तयार झाली नाहीत तर उद्या लीगच उरणार नाही. २०२३ नंतर पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्पटनचे ट्रॅक गेले, हे डोळ्यांसमोर घडलंय.

पश्या_मँचेस्टर

नानांच्या पुढचं मी लिहितो. बेल व्ह्यूला, म्हणजे मँचेस्टरच्या टीमच्या मॅचला, नियमित जातो आणि टीम कशी बांधतात यावर तासन् तास बोलू शकतो.

अॅडलेडकर, तुमचा मुलगा किती वेगवान आहे यापेक्षा त्याच्या नावापुढे कुठला आकडा लागतो यावर त्याची निवड ठरते. प्रत्येक रायडरची एक सरासरी असते. सगळे पॉइंट अधिक बोनस, गुणिले चार, भागिले एकूण रेस. बोनस म्हणजे आपल्याच साथीदाराच्या लगेच मागे राहून प्रतिस्पर्ध्याला अडवलं, त्याचा एक पॉइंट. समजा, २४ रेसमध्ये ३० पॉइंट आणि ६ बोनस. ३६ गुणिले ४ भागिले २४, म्हणजे सरासरी ६. सगळ्या रेस जिंकणाऱ्याची १२ येते.

सीझनच्या सुरुवातीला पूर्ण टीमच्या सरासरींची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवावी लागते. ही मर्यादा दरवर्षी बदलते. आणि जो ब्रिटनमध्ये कधी खेळलाच नाही त्याला नियमाने एक सरासरी चिकटवली जाते. क्लबने बाकीचे सहा घेतले आणि शिल्लक ४.८० उरली, रोहनला ५ चिकटली, तर तो कितीही आवडो, बसत नाही. तोच आकडा ४.५० असेल तर प्रमोटर (क्लब चालवणारा) त्याच दिवशी फोन करेल. म्हणून पुढच्या वर्षाचे नियम आले की पहिल्यांदा नवीन परदेशी रायडरचा आकडा बघा.

दुसरी गोष्ट, मोठा आकडा घेऊन आलेलं पोर पहिल्या महिन्यात अडखळलं तर त्याच्यावर टीमचं गणित खर्च झालेलं असतं आणि पहिल्यांदा त्यालाच काढतात. उलट सहा-सात नंबरवर, राखीव म्हणून सुरुवात केली तर हीट २ मध्ये समोर राखीवच येतात. पहिला पॉइंट तिथे मिळतो. तिथून चार-पाच मॅच नीट गेल्या की हात सुटतो. मी एका ऑस्ट्रेलियन मुलाला असाच बघितलाय. पहिल्या रात्री गेट उघडताना क्लच एवढा घट्ट धरला होता की बाकीचे तिघं पहिल्या वळणात पोचले तेव्हा हा सरळ रेषेतच होता. त्याचा मेकॅनिक पिटमध्ये एक शब्द बोलला नाही, फक्त पुढच्या हीटआधी क्लचची प्लेट बदलून दिली. ऑगस्टपर्यंत तोच मुलगा शेवटच्या हीटला, जिथे टीमचे सर्वांत चांगले रायडर उतरवतात, उभा राहत होता.

अॅडलेडकर

खूप धन्यवाद. मीनलताई, अर्ज थांबवलाय. आमच्याकडे राष्ट्रीय पातळीवरचा मोठा निकाल अजून नाही, मग शिफारसपत्र अवघडच दिसतंय. एक विचारतो, उपयोग आहे की नाही माहीत नाही: बायको इथे ऑस्ट्रेलियात जन्मलेली, पण तिचे वडील लिंकनशायरचे. रोहनचा जन्म अॅडलेडचा.

मीनल_इप्सविच

अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! यावर सगळं बदलतं.

रोहन राष्ट्रकुल देशाचा नागरिक आहे आणि त्याचे आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले. त्याला यूके अॅन्सेस्ट्री व्हिसा मागता येतो. वय १७ पुरे, म्हणजे तो आत्ताच बसतो. पाच वर्षांचा असतो, नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय दोन्ही चालतात, आणि यूथ मोबिलिटीसारखी खेळाडूंवरची बंदी यात नाही. अर्ज ब्रिटनच्या बाहेरूनच करायचा. आजोबांचा, आईचा आणि त्याचा असे तिघांचे जन्मदाखले, लग्नांचे दाखले, स्वतःला पोसता येईल एवढे पैसे आणि इथे काम करायचा खरा इरादा, हे दाखवायचं. क्लबचं पत्र तिथे कामाला येईल.

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हा: स्पॉन्सरच्या व्हिसावर क्लबने सीझनच्या मध्यात काढलं तर मुक्कामच धोक्यात येतो, नवीन स्पॉन्सर शोधायला थोडेच दिवस मिळतात. अॅन्सेस्ट्रीवर तो एका क्लबच्या दयेवर नाही. जून महिन्यात काढलं तर जुलैत दुसरीकडे जाऊ शकतो. तरी पैसे भरण्याआधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला एकदा कागद दाखवाच.

नाना_ग्लासगो

यात एक भर. व्हिसा वेगळा आणि खेळाचे नियम वेगळे. अॅन्सेस्ट्री मिळाला म्हणून रोहन रायझिंग स्टारच्या जागेवर बसणार नाही. ब्रिटनमध्ये खेळायला इथल्या नियंत्रण मंडळाचं लायसन्स आणि तुमच्या मोटरसायकलिंग ऑस्ट्रेलियाची परवानगी, दोन्ही लागतील. ते पत्र आधीच मागून ठेवा.

सुरेखा_लेस्टर

मी आई म्हणून लिहिते. माझा मुलगा मोटोक्रॉस करतो. डार्सी वॉर्डचं नाव रोहनला नक्की माहीत असेल. क्वीन्सलँडचा मुलगा, २००९ आणि २०१० असे लागोपाठ दोन वर्षं एकवीस वर्षांखालचा जगज्जेता. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडमध्ये झेलोना गुरा इथे पडला आणि कमरेखाली अधू झाला. त्याला जाऊ देऊ नका असं मी म्हणत नाही. पण क्लबशी बोलताना विमा कोण काढतो, जखमी झाल्यावर राहण्याची सोय कोण बघतो, घरी परत न्यायचा खर्च कुणाचा, हे पॉइंटच्या पैशांच्या आधी विचारा आणि लेखी घ्या. रायडर इथे स्वतःचा व्यवसाय करणारा धरला जातो, क्लबचा नोकर नाही. जखमी रायडरांसाठी बेनेव्होलंट फंड आहे, तो चांगलं काम करतो, पण त्यावर विसंबून मूल पाठवू नये. आणि पहिले तीन महिने तरी घरातलं कोणीतरी बरोबर असावं.

पश्या_मँचेस्टर

सुरेखाताईंशी पूर्ण सहमत. वयाबद्दलही मला आग्रहाने सांगायचंय. आयव्हन मॉगर १९५७ मध्ये न्यूझीलंडहून विंबल्डनला आला तेव्हा सतराचाच होता. जमलं नाही, परत गेला. १९६३ मध्ये पुन्हा आला, न्यूकॅसलकडून, आणि पुढे सहा वेळा जगज्जेता झाला. जेसन डॉयल २०१७ मध्ये जगज्जेता झाला तेव्हा बत्तीसचा होता. एक सीझन ऑस्ट्रेलियात अजून काढून राष्ट्रीय एकवीसखालच्या स्पर्धेत निकाल मिळवला तर काही बिघडत नाही. पाच वर्षांचा व्हिसा असेल तर तो पहिल्याच मार्चमध्ये वापरायला सुरुवात करायची गरज नाही.

मीनल_इप्सविच

पश्या, इथे मात्र मी असहमत. जो क्लब आज "आवडला" म्हणतोय तो पुढच्या वर्षी म्हणेलच असं नाही, प्रमोटर बदलतात, मर्यादा बदलते. अॅन्सेस्ट्री मिळत असेल तर या सीझनला चॅम्पियनशिपमध्ये राखीव रायडरच्या (सहा-सात नंबरच्या) जागेसाठी प्रयत्न करावा. नाहीच मिळाली जागा, तर इथे येऊन सरावाचे दिवस करता येतील, ट्रॅक अंगवळणी पडतील. शेफिल्डचा ट्रॅक लांब आणि वेगवान, प्लिमथचा एवढासा. गिलमनवर शिकलेला मुलगा दोन्हीकडे पहिल्या दिवशी बावरणारच, ते बावरणं एप्रिलच्या मॅचमध्ये होण्यापेक्षा आधी झालेलं बरं.

अॅडलेडकर

दोघांचंही पटतंय. घरी बोललो. अर्ज आत्ता करायचा, आणि राखीव रायडरची जागा मिळाली तरच मार्चमध्ये निघायचं, असं ठरलंय. सासऱ्यांचा जन्मदाखला मागवला. आता त्या क्लबला दुसरी मेल लिहायचीय. काय लिहू?

पश्या_मँचेस्टर

छोटी लिहा. पहिल्या ओळीत वय, वजन, व्हिसाचा प्रकार आणि तो कधी हातात येईल. मग गेल्या सीझनचे हीटवार निकाल, कोणाबरोबर पळाला त्या नावांसकट, म्हणजे त्यांना पातळी कळेल. जिंकलेल्या रेसचा व्हिडिओ सगळेच पाठवतात. तुम्ही एक असा पाठवा ज्यात तो सुटताना मागे पडला आणि पुढच्याला गाठलं. शेवटी त्याच्याकडे स्वतःच्या किती गाड्या आहेत, इंजिन कुठलं, ब्रिटनमध्ये व्हॅन आणि मेकॅनिकची सोय आहे की नाही, हे खरं खरं लिहा. टीम साधारण नोव्हेंबरपासून जुळायला लागतात, त्यामुळे मेल त्याआधी पोचू द्या. आणि एकाच क्लबला नको. ग्लासगो, एडिनबरो, बेरिक, रेडकार, स्कंथॉर्प, प्लिमथ, सगळीकडे वेगवेगळी पाठवा, नाव बदलायला विसरू नका.